गोधडीवरचा तारा सपाट कसा बसावा?



या सदरात एरवी बी-बियाणे, खते, कीड आणि धान्याची साठवण असे विषय असतात. पण येणारी पत्रे शेतापुरतीच नसतात, आणि गोधडी ही शेतकऱ्याच्या घरातली वस्तू नाही असे कोण म्हणेल? तेव्हा आज पिकांना सुट्टी देऊन एका पत्राला सविस्तर उत्तर देतो. अडचण एकीची असली तरी उत्तर पुष्कळजणींच्या उपयोगी पडेल.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा. या ताईंची आई जाऊन वर्ष झाले. तिची दोन सुती लुगडी पेटीत जपून ठेवलेली होती. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे. पणजीच्या लुगड्याची गोधडी बाळाच्या अंगावर पडावी अशी ताईंची इच्छा. आठ टोकांच्या ताऱ्याचा नमुना त्यांनी कुठेतरी पाहिला होता. असे नऊ तारे तीन ओळींत बसवायचे ठरले. दोन तारे शिवून झाले आणि अडचण उभी राहिली. पहिला तारा मधोमध पालथ्या वाटीसारखा वर उचलला जातो. दुसऱ्याचा मध्य बसतो, पण कडा भाजलेल्या पापडासारख्या उठतात. एक शेजारीण म्हणते, पाणी मारून कडक इस्त्री फिरव. दुसरी म्हणते, दाट टाके घाल, आपोआप दबेल. "कापड आता सात ताऱ्यांपुरतेच उरले आहे. दुकानात जाऊन आणण्यासारखे ते नाही. काय करू?"

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. दोन्ही उपाय करू नका. इस्त्रीने सुरकुती जाते, चुकलेला कोन जात नाही. दाट टाक्यांनी फुगवटा दाबला तर त्याची चुणी होते. ती चुणी धुण्यात घासून आधी फाटते, आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला बोचते ती वेगळीच. शिवलेले दोन्ही तारे उसवा. कापड वाया जाणार नाही, ते कसे हे शेवटी सांगतो. उरलेल्या कापडाला मात्र खालचे सगळे वाचून होईपर्यंत कात्री लावू नका.

हा तारा कोणत्या घराण्यातला?

आपल्या गोधडीत जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवतात. वर रंगीत ठिगळे लावली तरी त्यांच्या खाली अखंड कापड असते. ठिगळ वेडेवाकडे कापलेले असले तरी खालचे कापड त्याला धरून ठेवते. म्हणून आपल्या आज्यांनी मोजपट्टी न घेता शेकडो गोधड्या शिवल्या आणि त्या सपाट बसल्या.

आठ टोकांचा तारा वेगळ्या रीतीतला आहे. तो अमेरिकेतल्या क्विल्टचा. तिथे तुकड्याला तुकडा कडेने जोडून वरचा पदर आधी तयार करतात. खालचे थर त्याला मागून लावतात. जोडताना तुकड्यांना खालून धरणारे काही नसते. तुकडे नेमके असतील तरच पदर सपाट होतो. आपला हात गोधडीचा, आणि नमुना क्विल्टचा. ताईंची अडचण इथेच आहे.

हे काम तिकडेही शेतकरी घरांतच वाढले. पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पिशव्या उसवून तिथल्या बायका क्विल्टसाठी वापरत. 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात क्विल्टचे नमुने छापले, आणि शेतावरच्या स्त्रिया ते कापून जपून ठेवत. १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने तिथे कृषी विस्ताराची व्यवस्था उभी राहिली. तीत पिकांची प्रात्यक्षिके दाखवणाऱ्यांबरोबर गृहिणींना अन्न टिकवणे, शिवणकाम अशा गोष्टी शिकवणाऱ्या कार्यकर्त्याही होत्या. तेव्हा विस्तार अधिकाऱ्याने गोधडीवर लिहावे, यात नवल काही नाही.

त्याच देशातल्या मैदानी भागात राहणाऱ्या लाकोटा या आदिवासी लोकांत ताऱ्याच्या क्विल्टला मोठा मान आहे. पूर्वी ते गव्याच्या कातड्याची पांघरुणे वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्यांचे कळप मारून संपवले गेले, आणि कातड्याच्या पांघरुणाची जागा हळूहळू कापडी क्विल्टने घेतली. त्यांचा तारा हा पहाटेचा तारा. बाळ जन्मल्यावर, कोणाचा सन्मान करताना, आणि मृताला निरोप देतानाही तो देतात. पणजीच्या लुगड्याचा तारा बाळाच्या अंगावर घालावा असे ताईंना वाटले, त्यात आणि या रीतीत फार अंतर नाही.

फुगवटा येतो कशाने?

तारा आठ शंकरपाळी तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकड्याचे निमुळते टोक मध्याशी येते. मध्याभोवतीचा पूर्ण फेरा ३६० अंशांचा. आठांनी भागले की प्रत्येक टोकाच्या वाट्याला ४५ अंश येतात. एवढे एकच गणित नीट ध्यानात ठेवावे.

समजा प्रत्येक टोक ४४ अंशांचे झाले. आठ मिळून ३५२ अंश झाले, म्हणजे फेऱ्यात ८ अंश कापड कमी पडले. कमी कापड ओढून जोडले की मध्य वर उचलला जातो आणि पालथी वाटी तयार होते. हा ताईंचा पहिला तारा. टोक ४६ अंशांचे झाले तर एकूण ३६८ अंश होतात. जास्तीच्या कापडाला जागा मिळत नाही, म्हणून कडेला झालर उठते. दुसऱ्या ताऱ्याचे एक कारण हे असू शकते. दुसरे कारण कापड ताणले जाण्याचे, ते पुढे येईलच.

एवढा फरक पडायला चूक किती लागते? शिंपी आणि सुतार इंचाचे आठ भाग धरतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. मध्यापासून बाहेर जाताना शिवण रेषेवरून पाव सूत जरी आत सरकली, तरी साडेतीन इंच लांबीच्या कडेला अर्ध्या अंशाचा फरक पडतो. ताऱ्यात अशा कडा १६. सोळा वेळा पाव सूत म्हणजे चार सूत, अर्धा इंच! थेंबे थेंबे तळे साचते तशी चूकही साचते. समपातळी बांध आखताना हेच घडते. नळीची पातळी प्रत्येक खुंटीला थोडीशी चुकली, तर शेवटच्या खुंटीला पाणी बांध फोडून जाते.

यात एक बारकावा आहे. सगळ्या शिवणी सारख्याच प्रमाणात जाड झाल्या, तर कोन बदलत नाही. तारा लहान होतो, पण सपाट राहतो. सारखी चूक निभावते. भटकणारी शिवण, म्हणजे मध्याशी बरोबर आणि टोकाशी आत किंवा बाहेर गेलेली, ती मात्र निभावत नाही.

कापडाची तयारी

जुने लुगडे पुन्हा आटत नाही. पण नवे अस्तर किंवा ताऱ्याच्या मधले पांढरे कापड घेणार असाल, तर ते रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात एकच कापड आटेल आणि सपाट तारा पुन्हा फुगेल. लाल, निळे आणि काळे कापड ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग उतरत असेल तर ते बाळाच्या गोधडीत घेऊ नये.

लुगडे उजेडासमोर धरावे. जिथे विरलेले दिसेल तो भाग ताऱ्यात न घेता आतल्या थराला ठेवावा. काठही ताऱ्यात घेऊ नये. काठ जाड, अंग पातळ, त्यामुळे एका शिवणीत दोघांचा ताण सारखा राहत नाही. काठाच्या पट्ट्या गोधडीच्या चारी बाजूंना किनार म्हणून शोभून दिसतात.

यानंतर कापडाला तांदळाची पातळ खळ द्यावी आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. मऊ झालेले जुने सुती कापड कात्रीखाली सरकते आणि हातात ताणले जाते. खळ दिलेले कापड कागदासारखे वागते. गोधडी पुरी झाल्यावर पहिल्याच धुण्यात खळ निघून जाते. जुन्या लुगड्याच्या बाबतीत ही पायरी कधीही गाळू नये.

साचा कागदावर काढावा

कोनमापक लागत नाही. कागद, दोरी आणि पट्टी पुरते.

१. जाड कागदाचा बरोबर १२ इंचांचा चौकोन कापावा. कर्णावर दोनदा आणि मधोमध दोनदा घडी घालून उघडावा. मध्यातून जाणाऱ्या चार घड्या दिसतील.

२. न ताणणारी दोरी घेऊन तिचे एक टोक चौकोनाच्या कोपऱ्यावर धरावे आणि दुसरे मध्यावर आणावे. हे अंतर साडेआठ इंचांना केसभर कमी भरते. म्हणून पट्टीने न मोजता दोरीनेच घ्यावे. आता कोपऱ्यावरचे टोक न हलवता तेवढ्याच दोरीने शेजारच्या दोन्ही कडांवर खुणा कराव्यात. चारी कोपऱ्यांवरून असे केले की प्रत्येक कडेवर दोन, अशा आठ खुणा होतात. ताऱ्याची आठ टोके तीच.

३. वरच्या कडेवरची उजवी खूण घ्यावी. तिथून सरळ खाली, कर्णाची घडी लागेपर्यंत रेघ ओढावी. मग पट्टीचे एक टोक त्याच खुणेवर आणि दुसरे डाव्या कडेच्या खालच्या खुणेवर ठेवून, उभी मधली घडी लागेपर्यंत दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघा आणि मध्याकडे जाणाऱ्या त्या दोन घड्या मिळून एक शंकरपाळी तुकडा होतो.

४. हा तुकडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवावा. पुठ्ठ्याचे आणखी दोन साचे लागतात. एक कोपऱ्यातला चौकोन, त्याची बाजू शंकरपाळी तुकड्याच्या बाजूएवढीच. दुसरा कडेचा त्रिकोण, त्याच्या दोन लहान बाजूही तेवढ्याच आणि त्यांच्यामध्ये काटकोन. ताऱ्याला तुकडे आठ, चौकोन चार आणि त्रिकोण चार लागतात.

हे साचे शिवणीच्या रेषेचे आहेत. शिवणीत जाणारे जास्तीचे कापड, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते यात धरलेले नाही.

कापताना उभा धागा पाहावा

कापड उभ्या धाग्यात ताणत नाही, आडव्यात थोडे ताणते, आणि तिरपे म्हणजे उरेब असेल तर रबरासारखे ताणते. शंकरपाळी तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन कडा उभ्या धाग्यावर ठेवल्या की उरलेल्या दोन बरोबर उरेब येतात. हे टाळता येत नाही, पण सांभाळता येते. शिवताना एका तुकड्याची उरेब कड शेजारच्याच्या सरळ कडेला लागली पाहिजे. सरळ कड उरेब कडेला धरून ठेवते, जसे मक्याचे ताट वालाच्या वेलाला धरते.

त्यासाठी आठही तुकडे एकाच दिशेने आखावेत. कापड दुहेरी घडी करून एकदम दोन तुकडे कापण्याची सवय असते. तसे केले तर निम्मे तुकडे उलट्या हाताचे निघतात, आणि उरेबीला उरेब लागून कडेला लाट येते. ताईंच्या दुसऱ्या ताऱ्यात हे झाले आहे का, ते त्यांनी उसवताना धागा पाहून तपासावे.

कापडाच्या उलट बाजूवर साचा ठेवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारावी. चारी कोपऱ्यांवर ठिपका द्यावा. रेघेबाहेर सगळीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, माया ठेवून कापावे. तीन इंच रुंद आणि अडतीस इंच लांब अशी उभ्या धाग्याची पट्टी घेतली तर तिच्यात एका ताऱ्याचे आठही तुकडे बसतात. नऊ ताऱ्यांना अशा नऊ पट्ट्या लागतील. कापड कमी आहे तिथे हा हिशेब आधी मांडावा आणि मगच कात्री हातात घ्यावी. कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू नेहमी सरळ धाग्यावर ठेवावी, कारण ताऱ्याच्या चौकटीची बाहेरची कड तीच असते.

शिवण: ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत

दोन तुकडे सुलट बाजूंनी समोरासमोर ठेवावेत. टाचणी एका तुकड्याच्या ठिपक्यातून घालून दुसऱ्याच्या बरोबर ठिपक्यातून काढावी. मध्यभागी आणखी एक टाचणी लावावी. हाताने शिवायचे तर इंचाला ८ ते १० टाके पडावेत. सुरुवातीला आणि शेवटी एकेक उलट टाका घ्यावा. दर दोन बोटांवर थांबून कापड उलटून मागची रेघ पाहावी. दोरा ओढून घट्ट करू नये. ओढलेला दोरा आत चुणी धरतो आणि ती चुणी पुढे इस्त्रीलाही दाद देत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवण ठिपक्यावर सुरू करावी आणि ठिपक्यावर संपवावी. मायेत टाका जाऊ देऊ नये. माया मोकळी राहिली तरच पुढे ती हवी तिकडे वळवता येते.

मशीनवर शिवणाऱ्यांनी आधी एक परीक्षा घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन चिंध्या शेजारी शेजारी दोन सूत मायेने जोडाव्यात. मधली चिंधी शिवल्यावर बरोबर एक इंच भरली तर मशीनची शिवण खरी. कमी-जास्त भरली तर दाबपट्टीपासून धरलेले अंतर बदलावे आणि पुन्हा पाहावे. ही परीक्षा कोणत्याही जुन्या चिंधीवर होते. आईच्या लुगड्यावर करू नये.

तीन ठिकाणी तपासणी

आठही तुकडे जोडून मग टेबलावर पसरून पाहणे म्हणजे पीक कापणीला आल्यावर कीड शोधणे. तपासणी आधीच करावी.

पहिली तपासणी जोडीची. दोन तुकडे जोडले की त्यांची टोके मिळून ९० अंशांचा कोन होतो. वहीचा किंवा पोस्टकार्डाचा कोपरा त्यावर ठेवावा. शिवणीच्या रेघा कोपऱ्याशी जुळल्या पाहिजेत. अशा चार जोड्या करून चारही तपासाव्यात. न जुळणारी जोडी तिथेच उसवावी. साडेतीन इंचांची एक शिवण उसवायला फार वेळ लागत नाही.

दुसरी तपासणी अर्ध्या ताऱ्याची. दोन जोड्या मिळून अर्धा तारा होतो, चार टोकांचे १८० अंश. त्याची तळची रेघ पट्टीसारखी सरळ यायला हवी. पट्टी लावून पाहावी. मध्याशी खोबण दिसली किंवा टोक पुढे आले, तर चूक कोणत्या जोडीत आहे हे लगेच समजते.

तिसरी तपासणी पूर्ण ताऱ्याची. दोन्ही अर्धे समोरासमोर ठेवून आधी मध्याचे ठिपके टाचणीने जुळवावेत. मध्यापासून एका बाजूला शिवून घ्यावे, मग मध्यापासून दुसऱ्या बाजूला. मध्यावर टाके न घालता शेजारून जावे. पुरा झालेला तारा पाटावर पसरून मधोमध बोटाने हलकेच दाबावा. बोट उचलल्यावर कापड उसळून वर आले, तर वाटी आहे. निपचित पडून राहिले, तर काम झाले.

जोडीला काटकोन आणि अर्ध्याला सरळ रेघ, एवढे पाळले तर पूर्ण तारा बिघडायला जागाच राहत नाही.

मधली गाठ आणि इस्त्री

कधी कोन बरोबर असतात, तरीही नेमक्या मध्याशी खड्यासारखी गाठ लागते. आठ तुकड्यांच्या दोन्ही बाजूंची माया मध्याशी एकत्र येते, म्हणजे १६ पदर होतात. ही गाठ कमी करण्याचा उपाय सोपा आहे. तारा उलटा ठेवून सगळ्या शिवणींची माया एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळवावी. ठिपक्याबाहेर टाका गेला नसेल तर मध्याची माया आपणच उघडते आणि आठ पात्यांची लहानशी भिंगरी दिसते. ती बोटाने चेपून त्यावर इस्त्री ठेवावी. गाठ पसरून जाते.

मायेची बाहेर डोकावणारी टोके कापून टाकावीत. मध्यावर मात्र कात्री चालवू नये. तिथे शिवण सुटली तर भोक पडते.

इस्त्री फिरवू नये. ठेवावी, दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. फिरवलेली इस्त्री उरेब कड ओढून लांब करते. सपाट शिवलेला ताराही अशाने कडेला झालर धरतो.

चौकोन व त्रिकोण बसवताना

ताऱ्याच्या दोन टोकांमधली खाच काटकोनी असते. तिच्यात आळीपाळीने चौकोन आणि त्रिकोण बसतो. ही शिवण एका दमात करू नये. खाचेच्या आतल्या ठिपक्यापासून सुरू करून एक बाजू बाहेरपर्यंत शिवावी आणि दोरा तोडावा. मग पुन्हा त्याच आतल्या ठिपक्यापासून दुसरी बाजू बाहेरपर्यंत शिवावी. खाचेत चुणी आली तर समजावे की टाका ठिपका ओलांडून मायेत गेला आहे. एकच टाका उसवला की चुणी सुटते. सगळे झाल्यावर चौकट मायेसह साडेबारा इंच भरावी.

बिघडलेल्या ताऱ्याचे काय?

आता ताईंच्या दोन ताऱ्यांकडे येऊ. ब्लेडने न ओढता, शिवणीचा प्रत्येक तिसरा-चौथा टाका कापून दोरा अलगद काढावा. तुकड्यांना पुन्हा पातळ खळ देऊन, उभ्या धाग्यात नीट करून इस्त्री करावी. प्रत्येकावर नवा साचा ठेवून पाहावे. चारी बाजूंना दीड सूत तरी माया शिल्लक राहत असेल, तर तो तुकडा तसाच वापरावा. फक्त शिवण नव्या रेघेवरून घालावी.

माया उरत नसेल तर साचा लहान करावा. १२ ऐवजी १० इंचांच्या कागदावर याच रीतीने तारा काढावा. कापड उरले नाही म्हणून सगळे नऊ तारे १० इंचांचे केले, तरी ३० इंचांचा चौरस होतो. त्याला चारी बाजूंनी तीन-तीन इंचांची लुगड्याच्या काठाची किनार लावली की ३६ इंच भरतात. तान्ह्या बाळाला तेवढी गोधडी पुरते.

कडेला लाट अगदी थोडी असेल आणि माया पुरेशी असेल, तर दुरुस्ती आठही शिवणींत सारखी वाटून घ्यावी. एकाच शिवणीत सगळी चूक भरली तर तारा तिरपा दिसतो. शिवाय पहिला नवा तारा जुन्या धोतराचा किंवा चादरीचा करून पाहावा. तीनही तपासण्यांतून तो पास झाला की मगच लुगड्याला कात्री लावावी.

शेवटी थर घालताना एक गोष्ट सांभाळावी. पुष्कळ ठिकाणी गोधडीचे टाके कडेकडून आत घालत येतात. अखंड कापडाला ते चालते. ताऱ्याच्या पदराला मात्र मध्यापासून बाहेर टाके घालावेत. आधी कच्चे टाकेही मध्यातून चारी दिशांना घालावेत. कडेकडून आत आल्यास उरलेसुरले सैल कापड मध्याकडे ढकलले जाते, आणि एवढ्या कष्टाने सपाट केलेला मध्य पुन्हा वर येतो. मध्यातून बाहेर गेल्यास ते कडेला निघून जाते, आणि किनारीत सामावते.

ताई, लेकीचे दिवस भरायला अजून अवकाश आहे असे आपण लिहिता. घाई करू नका. रोज एक जोडी शिवली आणि तपासली, तर चार दिवसांत एका ताऱ्याच्या जोड्या होतात, आणि त्या जुळवून चौकट पुरी करायला आणखी दोन दिवस. या हिशेबाने नऊ तारे दोन महिन्यांच्या आत तयार होतील. बाळ त्या गोधडीवर निजेल तेव्हा त्याच्या पाठीला एकही गाठ लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

इतर भगिनींनी ही रीत करून पाहिली तर जोडीच्या तपासणीत किती जोड्या पहिल्या फटक्यात बरोबर आल्या ते जरूर कळवावे. पुढील अंकी घरच्या बियाण्यासाठी ठेवलेल्या तुरीला भुंगा लागू नये म्हणून काय करावे, ते पाहू.